वीस म्हणजे वीस

"वीस म्हणजे वीस," मी तिसऱ्यांदा सांगितलं. "माणशी वीस डॉलर. सीमेपलीकडच्या खिडकीवर भरायचे. मला सगळं माहीत आहे."

पिवळ्या टी-शर्टातला एजंट समजूतदारपणे हसला. त्याच्या गळ्यात प्लास्टिकमध्ये घातलेलं ओळखपत्र लोंबत होतं आणि त्यावरचा फोटो काही त्याचा वाटत नव्हता. त्यानं पुन्हा बोटांवर मोजत मोजत सगळं समजावलं. माणशी तेराशे बात, म्हणजे वीस डॉलरच्या दुपटीहून जास्त. पण त्यात फॉर्म तो भरणार, रांगेत तो उभा राहणार, जाऊन येणं दोन तासांत, आणि परत येताना कुणी काही विचारणार नाही. आमच्या व्हॅनमधल्या बाकीच्या आठ जणांनी केव्हाच पैसे काढून दिले होते. ते झाडाखाली उभे राहून माझी गंमत बघत होते.

मामी पायरीवर पिशवी मांडीत घेऊन बसल्या होत्या. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या सोलापूरकडे सासूला मामीच म्हणतात. भाषा कळत नसली तरी भाव चाललाय हे त्यांना कळत होतं.

"देऊन टाका की, बापू," त्या म्हणाल्या. "माझं मी देते."

"प्रश्न पैशांचा नाही, मामी. तत्त्वाचा आहे."

"गिरणीवर बायका पीठ कमी भरलं म्हणून भांडायच्या. मी मूठभर जास्त घालायची. येळ वाचतो."

"म्हणून तर हे लोक माजलेत," मी म्हणालो आणि पिशवी उचलून चालू लागलो. त्या मागून आल्या.

आज याला तेरा वर्षं झाली. त्या नाक्याचं नाव सांगत नाही, कारण नाक्याचा काही दोष नव्हता. तेव्हा मी थायलंडमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस होतो. रबरी वॉशर मापात आहे की नाही, एवढंच बघायचं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला की अख्खी पेटी परत. बरीच वर्षं हे केलं की माणूस घरीही तसाच वागायला लागतो, असं माझी बायको वैजयंती म्हणते. भाजीवाल्यानं वीस ग्रॅम मारले तरी मी परत जायचो. मला कुणी फसवलेलं चालायचं नाही, आणि याचा मला अभिमान होता.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, असं ठरलेलं होतं. पण सातव्या महिन्यात डॉक्टरनं वार खाली आहे म्हणून विमानात बसायला मनाई केली. मग मामी म्हणाल्या, लेकीला माहेरी येता येत नाही तर माहेर तिकडं येईल. बार्शीतली पिठाची गिरणी दिराच्या हवाली करून, डिंक, खारीक, बाळंतशेप, ओवा आणि ज्वारीचं पीठ घेऊन त्या आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या. नवरा गेल्यावर सतरा वर्षं त्यांनी ती गिरणी एकटीनं चालवली होती. गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय लागलेली. घरात मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना ऐकू जायचं.

आल्या त्याच संध्याकाळी, जेवण झाल्यावर, स्वयंपाकघरातून टण्णकन आवाज आला. बघतो तर मामींनी ओट्याच्या कोपऱ्यात एक स्टीलचा डबा ठेवला होता आणि त्यात दहा बातचं नाणं टाकलं होतं. विमानतळावर स्वतःचे रुपये बदलून आणले होते त्यातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी वैजूला विचारलं, हे काय? ती म्हणाली, राहू दे, आमच्यात लेकीच्या घरचं फुकट खात नाहीत. मी मामींशी वाद घातला. म्हटलं, हे असं मोजून जेवणं मला बरं दिसत नाही. पुढे नात झाली तेव्हा तर म्हटलं, नातवंड आलं की ही अट सुटते, माझ्या आईनंच सांगितलंय.

"बारसं होऊ द्या, मग बघू," त्या म्हणाल्या.

बारसं काही होत नव्हतं. पोट फाडून बाळंतपण झालं, टाके चिघळले, वैजूला पाच आठवडे झाले तरी बाळ उचलून घेता येत नव्हतं. बाळाचं न्हाणं-माखणं, शेक-शेगडी, वैजूचं खाणंपिणं, सगळं मामी करत होत्या. पहाटे पाचला उठत होत्या. आणि रोज संध्याकाळी जेवणानंतर डबा टण्णकन वाजत होता. खरं सांगतो, तो आवाज मला टोचायचा. मला वाटायचं, ही बाई मला परकं ठरवतेय.

मामींच्या व्हिशावर दोनदा आत यायची मुभा होती, दर वेळी साठ दिवस. साठ संपायच्या आत देशाबाहेर पाऊल टाकायचं, परत आत यायचं, की पुढचे साठ सुरू. तो दिवस साठावा होता. आधीच जायला हवं होतं, पण मला रजा मिळाली ती त्या शुक्रवारची. बाळाजवळ शेजारची नोई नावाची मुलगी बसली होती. तिची कारखान्यातली पाळी सातला सुरू व्हायची, त्यामुळे ती सहापर्यंतच थांबणार होती. आम्ही पहाटे व्हॅननं निघालो होतो आणि मी आठवडाभर इंटरनेटवर वाचून सगळी तयारी केली होती. फोटो, कोरे करकरीत डॉलर, फॉर्मचा नमुना, एवढंच काय, दोन पेनंही.

पेनांचा उपयोग झाला. पलीकडे गेल्यावर एक रिक्षावाला आम्हाला भल्यामोठ्या पाटीच्या ऑफिसात न्यायला बघत होता. ते ऑफिस खोटं, हे मी वाचलेलं होतं. पुढे एकानं मामींच्या कपाळाला थर्मामीटर लावून तपासणीचे पैसे मागितले. मी न थांबता पुढे गेलो. फॉर्मच्या टेबलापाशी एक जण बसला होता. त्याच्याकडे फॉर्म फुकट होते, पण पेन शंभर बातला. मी खिशातलं पेन काढून दाखवलं तेव्हा तोही हसला. मामी माझ्यामागून येत होत्या. ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं.

खरी खिडकी सापडायला तास गेला, रांगेत दीड तास. पण मी बरोबर चाळीस डॉलर भरले, दोघांची पावती घेतली आणि ती मामींना दाखवली.

"बघा. एक पैसा जास्त नाही."

"हुशार हायती जावई," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. पाय मात्र सुजले होते त्यांचे.

एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली बसून आम्ही जेवलो. मामींनी धपाटी आणि शेंगाची चटणी आणली होती. मी गार पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या आणि एक पुढे केली. त्यांनी मान हलवली आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढली. घरून भरून आणलेली, उन्हानं चहासारखी तापलेली.

"माझ्याजवळ हाय," त्या म्हणाल्या.

मी चिडून दोन्ही बाटल्या संपवल्या.

परतीच्या रांगेत लागलो तेव्हा दोन वाजले होते. पिवळा टी-शर्ट बाजूनं गेला, पाठीमागे नवी दहा माणसं. त्याची ही दुसरी खेप असावी. मला बघून त्यानं हात हलवला. मीही हलवला. तेवढ्यात वैजूचा फोन आला. टाक्यांतून पाणी येतंय, अंगात ताप आहे. बाळ रडतंय आणि तिला उचलता येत नाही. नोईनं उचललंय, पण ती सहाला जाईल. "तुम्ही कधी येताय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, झालंच.

मामींनी विचारलं काय म्हणाली. मी सांगितलं. त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि पुढच्या माणसाच्या आणखी जवळ सरकल्या.

खिडकीवर एक तरुण अधिकारी बाई होती, केस घट्ट बांधलेली, अगदी सभ्य. माझ्या कागदांवर तिनं लगेच शिक्का मारला. मामींचा पासपोर्ट उघडून मात्र ती थांबली. साठ दिवस राहून गेलात, आजच बाहेर पडलात आणि आजच परत. खर्चासाठी वीस हजार बात दाखवा. माझ्याकडे आठच हजार होते. मी म्हटलं, मी जावई आहे, खर्च माझा आहे. ती म्हणाली, तुमचं ऐकलं, आता त्यांचं ऐकू द्या. मला बाजूला व्हायला सांगून तिनं फोन केला आणि दहा मिनिटांत बाजारातून मिसिरजी आले. गोरखपूरचे, नाक्यावर मच्छरदाण्या विकायचे, हिंदीची गरज पडली की त्यांना बोलवायचे. मामींना प्लायवूडच्या पार्टिशनमागे नेलं.

मला आतलं दिसत नव्हतं. पण ऐकू सगळं येत होतं, निदान मामींचं. गिरणीचा आवाज होता तो.

राहता कुठे, असं विचारलं असावं. "लेकीकडं," मामी म्हणाल्या. मग मिसिरजींचा बारीक आवाज आला, की आपका खर्चा कौन उठाता है.

मी पार्टिशनबाहेर उभा राहून मनात म्हणत होतो, जावई म्हणा. मामी, जावई म्हणा.

"कुणी न्हाई," मामी म्हणाल्या. "मी कुणाचं फुकट खात न्हाई. हातानं काम करते आन् खाते. वर रोजचे पैसे टाकते."

मिसिरजींनी काय केलं असेल? त्यांनी इमानानं भाषांतर केलं. काम करती हैं, पैसा भी देती हैं, असं आधी हिंदीत घोळवून मग थाईत. मग खुर्ची सरकली आणि अधिकारी बाई बाहेर आली. पर्यटकाच्या व्हिशावर मोलकरीण म्हणून काम करता येत नाही, असं तिनं मला सांगितलं. तिच्या हातात मामींचा पासपोर्ट होता आणि तो तिनं खिडकीवर नाही, बाजूच्या ट्रेमध्ये ठेवला. मापात न बसलेला नग मी असाच बाजूला ठेवायचो, त्यामुळे मला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

मी हातापाया पडलो. घरी ओली बाळंतीण आहे, ताप आहे, मोलकरीण नाही हो, आई आहे. फोनमधला बाळाचा फोटो दाखवला. तिनं तो नीट बघितला. मग म्हणाली, ठीक आहे, त्यांनी स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या हातानं लिहून द्यावं. राहणं-खाणं जावयाचं, त्याबदल्यात त्या पैसे देत नाहीत आणि कामही करत नाहीत. मिसिरजी वाचून सांगतील. नाहीतर त्यांना पलीकडे परत जावं लागेल आणि तिथूनच भारतात.

मला दोन मिनिटं आत सोडलं. मामी लोखंडी स्टुलावर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. मिसिरजी नजर टाळून दाराशी उभे होते.

"दुसरं काय लिहिता न्हाई येणार?" मामींनी विचारलं.

"नाही."

"खोटं कसं लिहू, बापू? डबा हाय की."

"कोण बघतंय डबा, मामी? कागदच तर आहे. लिहा आणि चला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एखाद्या लहान मुलानं काहीतरी बोलावं तसं बघितलं. मग विचारलं, "त्या पिवळ्या कपड्यावाल्याबरोबर आलो असतो, तर हे विचारलं असतं का?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या तशा बसलेल्या असताना ते जमेना.

"नसतं विचारलं," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच. मग म्हणाल्या, "पेन द्या."

मी खिशातलं ते पेन दिलं. त्यांनी कागद मांडीवरच्या पिशवीवर ठेवला आणि गिरणीच्या वहीत लिहायच्या तशा मोठ्या, गोल अक्षरांत लिहिलं: मी जावयाच्या घरचं फुकट खाते. त्याबद्दल काही देत नाही. काही काम करत नाही. खाली सही केली, गोदावरी तुकाराम म्हेत्रे. तिसऱ्या वाक्यापाशी थोडा वेळ पेन थांबलं होतं. मिसिरजींनी कागद घेतला आणि खिडकीपाशी नेऊन मोठ्यानं वाचला, कारण तसंच वाचायचं असतं. रांगेत दोन-तीन आपल्याकडचे लोक होते, त्यांनी वळून बघितलं. मामींनी पदर खांद्यावरून घेतला आणि समोर बघत राहिल्या. शिक्का बसला.

जाताना मिसिरजी मला म्हणाले, "भाईसाब, एजंट पकड लेते. माताजी से ये सब ना लिखवाना पड़ता." मी त्यांना पन्नास बात द्यायला गेलो. त्यांनी घेतले नाहीत.

बाहेर आलो तेव्हा चार वाजत आले होते. आमची व्हॅन कधीच गेली होती. स्टँडवर दुसरी व्हॅन भरेपर्यंत थांबायचं होतं. मी सवयीनं पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या आणि सवयीनंच एक मामींपुढे धरली. त्या नको म्हणतील म्हणून मी मान वळवलीसुद्धा होती.

त्यांनी बाटली घेतली. झाकण फिरवलं आणि निम्मी बाटली एका दमात प्यायल्या. तहान लागली होती त्यांना, सकाळपासून.

दोन महिने मी याचीच वाट बघत होतो. एकदा तरी या बाईनं माझ्या हातचं घ्यावं, असं मला वाटायचं. आणि आता मला वाटत होतं की त्यांनी नको म्हणावं, ती बाटली माझ्या अंगावर फेकावी, काहीतरी करावं. त्यांनी झाकण लावलं आणि बाटली पिशवीत नीट उभी ठेवली. दुसरी व्हॅन भरली आणि आम्ही निघालो. चाळीस डॉलरची पावती माझ्या वरच्या खिशात होती आणि व्हॅन खड्ड्यात गेली की ती कुरकुरायची.

घरी पोचायला सव्वासात झाले. नोई कारखान्याच्या गणवेशात, बाळ खांद्यावर घेऊन दारातच उभी होती. तिची पाळी बुडाली होती. मामींनी हातपाय धुतले, बाळ घेतलं, एका हातानं वैजूचं कपाळ चाचपून बघितलं. अर्ध्या तासात घर पुन्हा चालू झालं. टाके पुसले, तापाची गोळी दिली, पेज केली, बाळ झोपवलं. काही काम न करणारी बाई हे सगळं करत होती आणि मी पलंगाच्या कडेला बसून बघत होतो.

"फसवलं नाही ना कुणी?" वैजूनं मला विचारलं. तिला माझा स्वभाव माहीत होता. आदल्या रात्री मी तिला तेच तर सांगितलं होतं, की एक पैसा जास्त देणार नाही.

उत्तर मामींनीच दिलं.

"न्हाई गं. जावईबापूंनी एक पैसा जास्त जाऊ दिला न्हाई," त्या म्हणाल्या, आणि पेजेची वाटी तिच्या हातात दिली.

आम्ही जेवलो. मामी माझ्या समोरच बसून जेवल्या, भात दोनदा घेतला. मग ताटं उचलून स्वयंपाकघरात गेल्या. मी बाहेरच्या खोलीत बसलो आणि कान तिकडे लावले. भांडी वाजली, नळ वाजला, ओटा पुसल्याचा आवाज आला. डबा वाजला नाही. मी आणखी थोडा वेळ थांबलो.

मग उठून आत गेलो. मामींची पाठ माझ्याकडे होती. डबा कोपऱ्यात होता तिथंच होता. मी खिशातून दहा बातचं नाणं काढलं आणि आवाज व्हावा म्हणून जरा वरून सोडलं. टण्ण झालं.

मामींनी वळून बघितलं नाही.

"कशापायी, बापू?" त्या म्हणाल्या. "लिहून दिलंय की मी."

आणि त्यांनी उरलेलं ताट विसळायला घेतलं.